बाबूरावांच्या भट्टीवरचं धुकं

"दसऱ्याच्या आत दहा हजार फॉलोअर झाले नाहीत, तर मी माझ्या पायानं चाकणला जातो," असं शंभू धाराशिवकडच्या वाशीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, आणि तिथंच फसला. चाकणला त्याच्या मामानं कंपनीत जागा धरून ठेवली होती. बारा तासांची ड्युटी, गाड्यांचे बंपर उचलायचे. हॉटेलातल्या एकानं ते बोलणं लगोलग मामाला कळवलं. मामा म्हणाला, चालतंय, दसऱ्यापर्यंत थांबतो.

त्या वेळी शंभूचे फॉलोअर होते बेचाळीस. त्यात एक आई, एक तो स्वतःच दुसऱ्या नंबरावरून, आणि दोन परदेशी बायका. या बायकांना शंभूपेक्षा त्याच्या बँक खात्यात जास्त रस होता.

शंभूच्या व्हिडिओंचं नाव होतं 'यशाची सात सूत्रं'. स्वतःला अजून एकही यश आलं नव्हतं, पण त्यानं त्याचं काही अडत नव्हतं. तीन सूत्रं सांगून झाली होती. चौथ्या सूत्राला मागं काहीतरी झकास दिसायला पाहिजे, म्हणून पोळ्यानंतरच्या एका सकाळी तो गावाबाहेर निघाला. तीन दिवस भुरभुर लागून राहिली होती. भूमच्या रस्त्याला बाभळीच्या पलीकडं बघतो तर काय… पांढरंशुभ्र धुकं. शंभूनं फोन हातभर लांब धरला, धुक्याकडं पाठ केली आणि सुरू झाला.

"मित्रांनो, चौथं सूत्र. आयुष्यात धुकं येतं. बालाघाटाच्या कुशीतलं हे धुकं बघा. धुक्याला घाबरायचं नसतं… त्यात शिरायचं असतं."

आणि तो उलट्या पावलांनी आत शिरला. पाचव्या पावलाला डोळ्यांतून पाणी आलं, सहाव्याला ठसका.

"ओ," आतून आवाज आला. "धुकं न्हाई ते. भट्टीचा धूर हाय. लाकडं ओली झाल्यात."

"ताई, दोन मिनिटं धूर कमी करता का जरा? शूट चालू हाय."

"दूधबी कमी करू का? आणि मागं बघा."

"मागं काय हाय?"

"हौद."

हे तिनं सांगेपर्यंत शंभू म्हशीच्या हौदात बसला होता.

उठून त्यानं डोळे पुसले, तेव्हा कुठं त्याला ती दिसली. म्हणजे सगळी नाही. धुरापायी तोंडावरून ओढणी घट्ट बांधलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, दोन्ही हातांत लांब दांड्याचं उलथनं, आणि पुढ्यात खव्याची कढई. दिसत होते ते फक्त डोळे. धुरानं लाल झालेले… आणि हसत असलेले. हात मात्र एका लयीत फिरत होता. माणूस हौदात पडलं तरी तो थांबला नव्हता.

ही हर्षाली, बाबूरावांची थोरली. बी. कॉम. झालेली. भट्टी बाबूरावांची, कढई तिची.

घरी येऊन शंभू हौदाचा भाग कापायला बसला. अंगठा ओला होता. कापायला म्हणून दाबलं आणि सगळाच्या सगळा व्हिडिओ लोकांत गेला. दुपारपर्यंत नऊ हजार लोकांनी बघितला, तिसऱ्या दिवशी तीन लाखांनी. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'धुक्याला नाही, हौदाला घाबरायचं असतं.' पण जास्त करून एकच चौकशी होती, 'तो आवाज कुणाचा?' आणि मध्येच कुणी तरी, 'पहिल्याच वाक्यात ताई म्हणालास भावा. आता राखी बांधून घे.'

हे शेवटचं शंभूनं मनावर घेतलं नाही. फॉलोअर सव्वीसशे झाले होते, तो त्या धुंदीत होता.

चौथ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून भट्टीवर हजर झाला. बाबूराव बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"काका, जरा काम होतं."

"हौदाचं झाकण करून पाहिजे का?" बाबूराव म्हणाले. "तिच्याशी बोल. कढई तिची हाय."

हर्षालीनं अटी घातल्या. तोंड दिसायचं नाही. नाव यायचं नाही. आणि 'परत एकदा म्हणा' हे चालायचं नाही.

"एकदा चुकलं तर?"

"चुकलं तर तसंच जाऊ द्या. दूध थांबत न्हाई. हात थांबला की तळाला लागलंच म्हणून समजा. सात वर्षांत माझी एकबी कढई लागली न्हाई."

मग रोज सकाळचा एक पायंडाच पडला. शंभू कढईच्या अलीकडं उभा राहायचा, पलीकडं तिचे दोन हात फिरत असायचे. तो काहीतरी मोठं बोलायचा, आणि ती ते जमिनीवर आणायची.

"मित्रांनो, खवा म्हणजे संयम."

"खवा म्हंजे दूध."

"मित्रांनो, मी रोज पहाटे चारला उठतो."

"साडेसातला आलाय. डोळ्याला चिपडं हायत अजून."

लोकांना दुसरं काही नकोच होतं. पाच हजार झाले, सात हजार झाले. शंभूला रस्त्यात लोक ओळखायला लागले, आणि ओळखून हसायला लागले. पहिल्यांदा त्याला ते लागलं. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण रात्री अंथरुणावर पडून उद्या काय फेकायचं ते ठरवतोय, आणि तेही अशा बेतानं, की तिला खोडून काढायला मजा यावी. आता तो खरंच पहाटे उठत होता. ज्या दिवशी व्हिडिओ नसायचा, त्या दिवशीही जात होता.

एका सकाळी तो टेम्पोतून वाळकी लाकडं घेऊन आला. फोडली, छपरात रचली, वर ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवशी भट्टी स्वच्छ पेटली. धुराचा पत्ता नाही. व्हिडिओखाली तक्रारी सुरू झाल्या. धुकं कुठं गेलं, धुक्याशिवाय मजा नाही.

"तुमचं धुकं गेलं की," हर्षाली म्हणाली. त्या दिवशी ओढणी गळ्यात होती. शंभूनं तिचं सगळं तोंड पहिल्यांदा बघितलं आणि पाचवं सूत्र साफ विसरला. "आता लोक कशाला बघतील?"

"न बघू द्या. डोळे लाल होत होते."

"कुणाचे?"

"…म्हशीचे."

हर्षालीनं म्हशीकडं बघितलं. म्हैस भट्टीपासून पन्नास पावलं लांब, रवंथ करत उभी होती.

"लई काळजी म्हशीची," ती म्हणाली, आणि उगाच कढईत वाकून बघायला लागली.

नवरात्र बसलं. तुळजापूरच्या पेढ्यांसाठी खव्याला मागणी एवढी, की भट्टीला उसंत नव्हती. फॉलोअर नऊ हजार सातशे झाले. पहिला हौदाचा व्हिडिओ अजूनही रोज पन्नास-साठ नवी माणसं आणून टाकत होता. दसऱ्यापर्यंत दहा हजार होणार, हे शंभूनं गृहीतच धरलं होतं. आणि तेव्हाच हर्षाली म्हणाली, "मंगळवारी व्हिडिओ न्हाई. मला बघायला येणार हायत. बेंबळीचे."

शंभूच्या पोटात काहीतरी खाली गेलं. त्यानं स्वतःला समजावलं, की हा आवाज बेंबळीला गेला तर आपले फॉलोअर जातील, त्याची ही धास्ती आहे. पण फॉलोअर पोटात नसतात, हे त्यालाही कळत होतं.

"मग… मंगळवारी कढई कोण ढवळणार?"

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "एवढंच विचारायचं होतं?"

"न्हाई…" शंभूनं दुधाच्या कॅनकडं बोट केलं. "दूध किती लिटर असतंय?"

"दहा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी परत बोलली नाही.

मंगळवारी हर्षाली साडी नेसून घरात, आणि शंभू तिचं उलथनं घेऊन भट्टीवर. घाम गळत होता, हात भरून आला होता, आणि खिडकीतून घरातलं सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांचे उपास, म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी. मुलगा कैवल्य, शेती आणि ड्रिपचं दुकान. सोबत त्याची आई शामलाबाई. विचारपूस चालली होती. हर्षाली मानेनंच हो-नाही करत असावी, कारण तिचा आवाज काही येत नव्हता.

मग शामलाबाईंनी चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला.

"तिथं ठिवू नका," हर्षाली म्हणाली. "सांडंल."

कप पडल्याचा आवाज आला.

"अगं बाई," शामलाबाई म्हणाल्या. "भट्टीचा धूर."

त्यानंतर कार्यक्रमाची घडीच बिघडली. शामलाबाईंनी तिला 'खवा म्हंजे दूध' म्हणून दाखवायला लावलं. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. बाबूरावांना काय चाललंय ते कळेना, त्यांनी सगळ्यांना आणखी खिचडी वाढली. आणि कैवल्य उठून मागच्या दारानं भट्टीवर आला.

"तुमीच ना ते? ज्यांना रोज बोलणी बसतात?"

"व्हय," शंभू म्हणाला. हात फिरतच होता.

"रोज बघतो आमी. आईचा तर चहा होत न्हाई त्याशिवाय." कैवल्य कढईच्या पलीकडं उकिडवा बसला. "एक सांगू का? पोरगी चांगली हाय. पण माझं अवघड झालंय."

"का?"

"मीच लिहिलं होतं खाली. 'ते ताई म्हणणं मागं घे भावा, तुमचं दोघांचं जमतंय.' दोन हजार लोकांना आवडलंय ते. आता मीच लग्न केलं तर त्या दोन हजारांना काय तोंड दाखवू?"

कैवल्यनं कढईत डोकावून बघितलं.

"गाठी झाल्यात," तो म्हणाला, आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू पोचला, तेव्हा हर्षाली नेहमीच्या जागी होती. ताज्या दुधाला नुकती उकळी आली होती.

"बेंबळीवाल्यांनी नकार कळवला," ती म्हणाली.

"…का?"

"म्हणले, आमी तुमचे फॉलोअर हाओत, आमाला हे बरं दिसत न्हाई. बाबा सकाळपास्नं मला विचारायलेत, फॉलोअर म्हंजे कोणत्या नात्यातले."

शंभू हसला नाही. फोन हातात होता, तो त्यानं उगाच उलटासुलटा केला.

"मी एक बोलू?"

"बोला. हात चालूच हाय."

"म्हंजे… मला असं… मित्रांनो—"

"इथं मित्र कुणी न्हाईत. फोन खाली करा."

शंभूनं फोन खाली केला.

"माणसाला दहा हजार लागत न्हाईत," तो म्हणाला. "समजून घेणारं एक असलं तरी—"

"हे कितवं सूत्र?"

"…सहावं."

"सोडा ते. आपलं आपलं बोला."

शंभूनं कढईकडं बघितलं. तिथं बघून बोलणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

"रोज सकाळी तुमी मला खोटं पाडता. ते बंद झालं तर मला करमायचं न्हाई. कालच्याला तुमी आत होता, आणि मी इथं… हात दुखत होता, पण ते न्हाई. मला वाटलं, आता उद्यापास्नं मी कुणापुढं फेकणार?" त्यानं श्वास घेतला. "एवढंच हाय. पुढचं काय पाठ न्हाई."

उलथनं एका लयीत फिरत होतं. हर्षालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि आज धूर नव्हता.

"आधी त्या पहिल्या व्हिडिओचं निस्तरा," ती म्हणाली.

"काय निस्तरू?"

"तीन लाख लोकांदेखत ताई म्हणलाय मला."

"पण तोच तर… रोज नवी माणसं तोच आणतोय. तो काढला तर दसऱ्याच्या आत दहा हजार व्हायचे न्हाईत. चारच दिवस राहिलेत. मग चाकण…"

"मग राहू द्या," हर्षाली म्हणाली. "राखी आणून ठेवते."

शंभूनं फोन उचलला. फोननं विचारलं, नक्की काढून टाकायचा का. अंगठा आजही ओला होता, घामानं. पण या वेळी जिथं दाबायचं, तिथंच दाबला गेला. तीन लाख माणसं, हौद, धुकं, ताई, सगळं गेलं. त्यानं मोकळी जागा तिच्यापुढं धरली.

हर्षालीनं स्क्रीनकडं बघितलं. मग त्याच्याकडं. बराच वेळ.

"चाकणच्या मामाला मी फोन करते," ती हळूच म्हणाली. "लाकडं फोडायला माणूस लागतंय म्हणून सांगते. बाबांशी मात्र तुमीच बोलायचं. आणि 'मित्रांनो' न म्हणता."

"बोलतो… हर्षाली."

नाव घेतलेलं दोघांनीही ऐकलं. बाभळीवर एक होला घुमत होता. दोघांच्या मधून काहीतरी पांढरं वर चढायला लागलं.

"धूर येतोय का ओ?" शंभूनं विचारलं.

"धुकं असंल," हर्षाली म्हणाली.

दहा लिटर दूध तळाला लागलं होतं. बाबूरावांना रस्त्यापर्यंत वास आला. कढई घासायला दोन दिवस गेले.