तलावातला रिबीनचोर

"मी नाही घेतली! नाही घेतली! नाही घेतली!" चष्मिस किंचाळला.

"मग काय पाण्याने खाल्ली?" चिमणीने गाल फुगवून विचारलं. तिचे कमरेपर्यंतचे ओले केस मोकळे सुटले होते आणि तिची लाडकी लाल रिबीन गायब होती.

भिंगरी टॉवेल पिळता पिळता थांबली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला घरादाराने भिंगरी केलं होतं. सुट्टीत ती काकांकडे आली होती. चष्मिस आणि चिमणी ही तिची चुलत भावंडं. चष्मिस तिच्याच वयाचा, चिमणी मात्र जेमतेम आठ वर्षांची.

"चिमणे, काय म्हणालीस? पाण्याने खाल्ली?" भिंगरी म्हणाली. "अगं, काकूंचा रुमाल कुठे हरवला? तलावात! काकांचा मोजा? तोही तलावात! आणि सगळं वाहत खोल बाजूलाच गेलं!"

"म्हणजे मी चोर नाही!" चष्मिसने छाती फुगवली.

"ते नंतर ठरवू. चल!"

घरामागचा तो पोहण्याचा तलाव म्हणजे काकांचा जीव की प्राण. "माणूस कशाला लावायचा? औषध मी टाकतो, पंप मी चालवतो, सगळं मीच!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्या दुपारी पाहुणे येणार होते आणि काका त्यांना चिमणीची करामत दाखवणार होते. ते पाण्यात मूठभर चमचे फेकणार आणि चिमणी बुडी मारून एकेक वेचून आणणार! तिने आजवर उथळ बाजूला सराव केला होता. आज पहिल्यांदाच खोल बाजूला उतरायचं, म्हणून बाई सकाळपासून हवेत होत्या.

भिंगरीने स्वयंपाकघरातून प्लास्टिकचा पारदर्शक डबा आणला. तलावाच्या काठावर पालथी पडून तिने डबा पाण्यावर दाबला आणि त्यातून खाली पाहिलं. लाटा नाहीत, चकाकी नाही, तळ अगदी आरशासारखा स्वच्छ! एक भिजलेलं पान तळावरून घसरत उताराने चाललं होतं. सावकाश, सावकाश... आणि सर्रकन दिसेनासं झालं!

भिंगरी ताडकन उठून बसली.

"चष्मिस, खाली भोक आहे!"

"असणारच की. पाणी तिथून पंपाकडे जातं आणि गाळून परत येतं. पण त्याच्यावर जाळी असते."

"नाहीये! तूच बघ!"

चष्मिसने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. दोघांनी बाग पालथी घातली. अखेर पंपाच्या खोलीच्या दाराशी चष्मिसने बोट दाखवलं. तिथली कुंडी एका गोल, पांढऱ्या जाळीवर ऐटीत विराजमान झाली होती! जाळीला स्क्रूची भोकंसुद्धा होती.

"काय रे चोरांनो, माझ्या कुंडीवर डोळा?" मागून काकांचा आवाज आला.

"काका, ही तलावातली जाळी ना?"

"हो, मीच काढली! सारखी पानं अडकायची. दर वेळी बुडी कोण मारणार? जाळी काढली, कटकट मिटली! पाणी कसं लख्ख झालंय बघा!"

"पण चिमणीचे केस त्यात..." भिंगरी चाचरत म्हणाली.

काका खो खो हसले. "अगं, भोक केवढं, पोर केवढी! ती काय त्यातून आत जाणार आहे?"

"निदान खेळापुरता पंप तरी बंद ठेवा!"

"आणि पाहुण्यांना गढूळ पाणी दाखवू? छे! पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. तुमच्यासारख्या माकडांनी बटणाशी खेळू नये म्हणून!"

मुलं ओरडतच काकूंना सांगायला धावली. पण पाहुणे दारात आले होते. "तलावाचं ह्यांना कळतं, मला नाही," म्हणत काकू बाहेर पळाल्या.

भिंगरी रडकुंडीला आली. तळाचा उतार भोकाकडेच जात होता. चमचे घरंगळून कुठे जमणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता! तिने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात फरशी पुसायचा मॉप उभा होता. त्याच्या लांब लांब सुती झिपऱ्या खाली लोंबत होत्या.

"चष्मिस," ती हळूच म्हणाली, "दोरी आण. आणि पानं काढायची ती लांब काठी!"

बाहेर टाळ्या वाजत होत्या. काकांनी चमचे फेकले. ते चमचमत खाली गेले, घसरले आणि भोकाभोवती गोळा झाले. चिमणीने हात वर करून उडीचा पवित्रा घेतला.

"थांब!" भिंगरी काठीला बांधलेला मॉप घेऊन धावत आली. "आधी काकांची करामत! काका, हा मॉप मी तळाला टेकवते. तुम्ही तो नुसता वर काढून दाखवा. काढलात, तर सुट्टीभर सगळ्यांची भांडी मी घासेन!"

पाहुणे हसले. काकांनी मिशीवर ताव दिला. "एका हाताने काढतो!"

मॉप खाली गेला. झिपऱ्या क्षणभर पाण्यात पसरल्या आणि एकदम, सगळ्याच्या सगळ्या, भोकात शिरल्या!

काकांनी एका हाताने ओढलं. मॉप हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. पाय रोवून ओढलं. काठी धनुष्यासारखी वाकली, काकांचं तोंड लालबुंद झालं, पण मॉप जागचा हलेना! पाहुण्यांचं हसू विरून गेलं.

"पंप बंद करा!" काका ओरडले. "किल्ली! किल्ली कुठाय?"

त्यांनी पोहण्याची चड्डी चाचपली. किल्ली वरच्या मजल्यावर, पँटच्या खिशात राहिली होती! काकू जिन्याकडे धावल्या. सगळे पाण्याकडे बघत खिळून उभे राहिले. काकू येईनात. भिंगरीला वाटलं, आपणच श्वास रोखून धरलाय.

अखेर काकू आल्या, कुलूप उघडलं, पंप बंद झाला. मॉप तरीही सुटेना. एक पाहुणे पाण्यात उतरले, तेव्हा कुठे तो अर्धा फाटून वर आला. उरलेल्या झिपऱ्यांच्या गाठीच गाठी झाल्या होत्या आणि त्यांत लाल रिबिनीचा एक तुकडा गुरफटला होता.

"काका," भिंगरी म्हणाली, "इतका वेळ चिमणीला श्वास..."

"नको! पुढे बोलू नकोस!" काका मटकन काठावर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकूंनी भिंगरीला आणि चष्मिसला एकदमच मिठीत घेतलं. "माझ्या वाघांनो! तुम्ही ओरडून सांगत होतात आणि मी ऐकलं नाही!" पाहुण्यांतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज या पोरांनी एक जीव वाचवला. आम्ही मोठे मात्र टाळ्या पिटत होतो!"

त्याच संध्याकाळी तलाव रिकामा करायला घेतला. नवी, भक्कम जाळी बसेपर्यंत कोणी पाण्यात पाय घालायचा नाही आणि पंपाचं बटण बाहेर, सगळ्यांच्या हाताशी आणायचं, हे काकांनी स्वतःच जाहीर केलं.

चिमणी मात्र भयंकर रागावली होती. "माझे चमचे! माझी करामत! सगळी वाट लावली भिंगरीताईने!"

काकांनी तिला जवळ ओढलं आणि तिचे मोकळे केस दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवले.

"बाबा, सोडा ना! ओढले जातायत! दुखतंय!"

काकांनी दचकून हात सोडले आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.