चार अंशांची रेघ

पारासाहेबांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळांचे तापमापक तपासण्यात घालवली होती. ‘पारा’ हे नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल घरात दोन मतं होती.

आता प्रश्न बायकोच्या इन्सुलिनचा होता. तिच्या भावाने जीपमधून दहा दिवस रानोमाळ हिंडायचा घाट घातला होता आणि तिला जायचंच होतं. मोठ्या आजारपणानंतर ती पहिल्यांदाच कशासाठी तरी हट्ट करत होती. पण औषध दोन ते आठ अंशांत राहिलं नाही तर वाया जाणार, आणि जवळचा दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर. तेव्हा गाडीत चालणारा फ्रिज हवा होता आणि तो पारासाहेबांच्या परीक्षेत पास व्हायला हवा होता.

मेहुण्याने भाड्याने देणाऱ्या दुकानातून तीन फ्रिज आणून जिन्याखालच्या खोलीत मांडले. लालने पहिल्याच दिवशी उणे दोन गाठलं. गोठलेलं इन्सुलिन कामातून गेलं. निळा घरात शहाण्यासारखा वागला, पण खाणीच्या रस्त्याने जीपमधून फिरवताना तिसऱ्याच खड्ड्यात त्याने मान टाकली. उरला करडा.

करड्याच्या आत ठेवलेलं यंत्र दर मिनिटाचं तापमान पारासाहेबांच्या मोबाइलवर पाठवत होतं. उन्हात, चढावर, धक्क्यांत, चार अंश म्हणजे चार अंश. पट्टीने मारावी तशी रेघ.

“झालं समाधान, दाजी?” मेहुण्याने विचारलं.

“इतकी सरळ रेघ मी जन्मात पाहिली नाही.”

“मग वाईट काय त्यात?”

वाईट काहीच नव्हतं. पारासाहेबांना खटकलं ते तेच.

शेवटची चाचणी खऱ्या औषधाची. त्यांनी इन्सुलिनची एक न उघडलेली बाटली घेतली, औषधाच्या पातळीवर पेनने खूण केली आणि ती आत ठेवली. झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. कचेरीतली जुनी सवय. पट्टी फाटल्याशिवाय झाकण उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला रेघ वर चढली. एकोणीस अंश. थोड्या वेळाने परत चार. पट्टी शाबूत होती.

“तू झाकण उघडलंस?”

“तुमची सही मोडून? माझी काय बिशाद!” बायको हसली. दीडला तर ती इन्सुलिनची सुई टोचून घेऊन जेवायला बसलेली होती.

मग मेहुण्यावर संशय. पारासाहेबांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पुढच्या दुपारी रेघ सदतीसवर गेली, अकरा मिनिटं तिथे थांबली आणि उतरली. त्यांनी यंत्र बदललं. तिसऱ्या दुपारीही तेच. रेघ सदतीसकडे चढायला लागताच त्यांनी पट्टी फाडली. आतली हवा गार होती, पण बाटली तळहाताला उबदार लागली, कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी. वरचं सील जागच्या जागी होतं. औषध मात्र खुणेच्या खाली उतरलं होतं. तीन दिवसांचे डोस घेतले तर जेवढं उतरेल, तेवढंच.

“हा फ्रिज आधी कुणाकडे होता?”

मेहुणा फ्रिजकडे बघत म्हणाला, “भाड्याने गेला होता. लवकर परत आला म्हणे.”

“लवकर का?”

“मी विचारलं नाही, दाजी.”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा पारासाहेबांचा नियम. त्यांनी इन्सुलिन काढून घेतलं, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि नवी पट्टी लावली.

चौथ्या दुपारी दीडला रेघ सदतीसवर गेली. या वेळी उतरली नाही.

संध्याकाळ झाली तरी नाही.

दुसऱ्या सकाळी छत्तीस. मग चौतीस. एकतीस. वळण सावकाश, एकसारखं. गार जागी ठेवलेली कुठलीही गरम वस्तू अशीच निवते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

अठ्ठावीस.

त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. इन्सुलिनची बाटली घेऊन ते कुलपापर्यंत गेलेही. पण ती बायकोची होती. दहा दिवसांची बेगमी अगदी मोजून होती. ते मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार अंश. नंतरचे तीन दिवस सरळ रेघ.

“हाच न्यायचा,” मेहुणा म्हणाला. पारासाहेब नाही म्हणू शकले नाहीत. नाही कशाच्या आधारावर म्हणणार? पट्टी काढायला मात्र त्यांचा हात धजला नाही.

निघायच्या दिवशी दोघांनी फ्रिज उचलला आणि लगेच खाली टेकवला.

“दाजी, काय भरलंय यात?”

“पाणी. दोन बाटल्या.”

दुसऱ्यांदा जोर लावून त्यांनी तो जीपच्या मागच्या फळीवर कसाबसा तिरका चढवला. आत काहीतरी जड आणि मऊ हळूच सरकून पारासाहेबांच्या बाजूला येऊन टेकलं.

बायको पदराखाली इन्सुलिनच्या बाटल्या धरून शेजारी येऊन उभी राहिली होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर एवढा उत्साह दिसत होता.

“अहो, उघडा ना झाकण,” ती म्हणाली. “गरम होतायत.”