शटर उघडं राहिलं तेव्हा

दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नसतं, हे त्या इमारतीत पाणी भरणाऱ्यालाही माहीत होतं. ती मात्र पेशींची काचेची बशी दोन्ही हातांत जपत आली, कोपराने दार ढकललं आणि बाहेरचा सगळा उजेड सोबत घेऊनच आत शिरली.

“गेलं!” अंधारातून आवाज आला. “सकाळपासूनचं काम गेलं. या आता, बसा.”

आवाज सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्याचा होता. दिवसभर अंधारात बसतो म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे. त्यालाही ते नाव पटलं असावं. हाक मारली की ओ द्यायचा.

“सॉरी... मला वाटलं, दिवा बिघडलाय.”

“दिवे बिघडत नाहीत, माणसं बिघडतात. काय आणलंय?”

“सोनं.”

“पिवळं तर दिसत नाही.”

“पिवळं दिसायला ढीगभर अणू लागतात. हे वीस-पंचवीस अणूंचे पुंजके आहेत, प्रथिनात गुंडाळलेले. इतकं लहान झालं की सोनं पिवळेपणा विसरतं आणि निळ्या उजेडात लाल चमकतं. पेशीत शिरलं की पेशी उजळते. उद्या शरीरातली गाठ शोधायला...”

“म्हणजे सोनारीणच की तुम्ही!”

तिच्या आईचंही तेच मत होतं. ‘मुलगी सोन्यात काम करते,’ असं ती सगळ्यांना सांगायची, आणि मावशीने तर बांगड्यांची मजुरीसुद्धा विचारून घेतली होती. मुलीचं वर्षभराचं सोनं एका थेंबात मावतं, ही बातमी आईने घरातच ठेवली होती.

पण आज त्या थेंबावरच संकट होतं. तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, “चमकतं? मग काय झालं? बाजारातला रंगही चमकतो, आणि स्वस्तात. तुझं सोनं जास्त काय करतं ते संध्याकाळपर्यंत दाखव, नाहीतर काम बंद.” बाकीच्या बश्या बुरशीने गिळल्या होत्या. उरली होती ही एकच.

त्याने बशी भिंगाखाली ठेवली, दिव्याचा उजेड अडवणारं शटर उघडलं. पडद्यावर पेशी उमटल्या – मध्ये पेशीचं केंद्र दिसावं म्हणून घातलेल्या बाजारातल्या रंगाचा हिरवा ठिपका, भोवती तिच्या सोन्याची लालसर आभा. त्याने फोटो घेतला.

“बरं आहे,” तो म्हणाला. घुबडाच्या मानाने हे भाषणच होतं.

“नुसतं बरं?”

“लाल रंग तुम्हाला... म्हणजे पेशींना शोभतोय.”

“तुम्ही पेशींशी नेहमी असंच बोलता?”

“त्या उलट उत्तर देत नाहीत.”

ती हसली. मग अंधाराची सवय कशी होते ते निघालं, त्याच्या डब्यातल्या थंड जेवणाचं निघालं, तिच्या मावशीच्या बांगड्यांचं निघालं. आणि मध्येच तो ताडकन उठला.

“शटर!”

फोटो झाला की शटर बंद – हा नियम त्यानेच भिंतीवर लावला होता. सतत उजेड पडला की रंग मरतो. हा नियम मोडणाऱ्यांना तो आठवडाभर बोलून दाखवायचा.

पडद्यावर हिरवे ठिपके गायब झाले होते.

ती म्हणाली, “एकच बशी होती...”

“चूक माझी आहे. तुमच्या सरांना मी स्वतः सांगतो.” त्याचा आवाज पार उतरला होता.

“थांबा.” ती पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. “मघाचा फोटो शेजारी लावा.”

त्याने लावला. हिरवं संपलं होतं. लाल मात्र होतं तसंच, जणू त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

“अहो, हेच तर सर विचारत होते!” तिने त्याचा दंड गच्च धरला. “बाजारातला रंग बघता बघता मरतो. हे टिकतं! डॉक्टरांना हवा तितका वेळ बघता येईल!”

दंड सोडायचं तिला सुचलं नाही. त्यानेही सुचवलं नाही.

“पण तुम्ही शटर विसरलात कसे?” तिने हळूच विचारलं.

“मी... पडद्याकडे बघत नव्हतो.”

पडद्याच्या लाल उजेडात त्याचे कान स्पष्ट दिसत होते. कानांचा लाल वेगळा होता.

“एकदा दिसलेलं सर मानत नाहीत,” तो घाईघाईने म्हणाला. “पुन्हा करावं लागेल. उद्या नवी बशी लावा, तयार झाली की घेऊन या. शटर मुद्दाम उघडं ठेवू.”

“आणि बघत किती वेळ बसायचं?”

“फिकं पडेपर्यंत.”

“पण ते पडत नाही, हे आत्ताच ठरलं ना?”

“म्हणून तर.”