जा की, त्यात काय विचारायचं!

"अहो... ते ॲटचं चिन्ह कुठं असतं?"

भोर स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशापलीकडून प्रश्न आला. नबीला वाकली, पलीकडे हात घालून दोन बटणं दाबली. "हे बघा, दोनच्या डोक्यावर बसलंय."

"आन् मी मघापासनं सगळी बटणं चाचपतोय!" तो हसला. "तुमी नसता तर माझा अर्ज हितंच राहिला असता."

"मग नोकरी लागली की पेढे द्या."

"कुठं आणून देऊ?"

टायपिंग क्लासात नबीलाचा हात कुणी धरू शकत नव्हतं, पण त्या दिवशी तिची बोटं अडखळली. बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि तो, कामथडीचा एहसान, छत्री असूनही निघायचं नाव घेत नव्हता.

नोकरी लागली, पुण्यात. पेढे आले. आणि मग दर रविवारी दुपारी चॅट सुरू झालं. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एहसान एका बोटानं टाइप करायचा. त्याचं एक वाक्य पुरं होईतो नबीलाची चार जायची. तिचा मेसेज आला की तो बिचारा आपलं अर्धं वाक्य पुसायचा आणि आधी तिला उत्तर द्यायचा. बाईसाहेबांच्या मात्र चॅटच्या चार-चार खिडक्या उघड्या... मामेबहीण, मैत्रिणी, सगळ्या एकदम. त्याला मध्येच एक 'हं' टाकला की झालं! समोरचा माणूस काय सांगू बघतोय, हे थांबून वाचायची सवयच नव्हती हो पोरीला.

त्या रविवारी ती कॅफेत येऊन बसते न बसते, तोच समीना तरातरा आत आली. समीना म्हणजे एहसानची बहीण आणि नबीलाची कॉलेजातली मैत्रीण.

"नबीला, तुला काही काळीज आहे का गं?"

"का? काय झालं?"

"आज संध्याकाळी आम्ही वरव्याला चाललोय. भाईजानसाठी मुलगी बघायला. अब्बा आजच शब्द देणार. भाईजाननं तुला विचारलं होतं, जाऊ का म्हणून. तू म्हणालीस, 'जा की, त्यात काय विचारायचं!'"

मागच्या रविवारी दुसऱ्या खिडकीत मामेबहिणीच्या मेंदीचं चाललं होतं तेव्हा एहसानचं काहीतरी आलं होतं... जाऊ का, एवढंच नजरेला पडलं होतं. सिनेमाला जात असेल म्हणून तिनं उत्तर ठोकून दिलं होतं.

"मी वाचलंच नाही गं नीट," ती कशीबशी म्हणाली.

"मग आता वाच! तो बसलाय तिकडं पुण्यात, मी तुझ्याकडं आलेय हे ठाऊक आहे त्याला. तासाभरात गाडी पकडेल."

एहसानच्या नावापुढं दिवा हिरवा होता. नबीलानं भराभर लिहिलं, 'अरे ऐक, माझं चुकलं, मी...' आणि तिला दिसलं, खाली एहसान लिहितोय असं आलं होतं, ते तिचा मेसेज जाताच गेलं. त्यानं पुसलं. नेहमीसारखं पुसलं!

"आता नाही बोलायचं," ती स्वतःलाच म्हणाली. बाकीच्या खिडक्या बंद केल्या, एकच ओळ लिहिली: 'तू सांग. मी थांबलेय.' आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

लिहितोय... थांबला. पुन्हा लिहितोय... पुन्हा थांबला. तिचा जीव नुसता टांगणीला!

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस केकाटायला लागला.

"पोरी, आटप लवकर," कॅफेवाले ज्ञानूदादा ओरडले. "बॅटरी लई जुनी हाय, कधीबी मान टाकंल."

बोटं शिवशिवत होती. लवकर लिही, असं लिहावं का? नको. तो परत पुसेल. तिनं ओठ चावला, डोळे पडद्यावरून हलवले नाहीत.

आलं. 'मला वरव्याला जायचंच नाही. तू नको जाऊ म्हणशील म्हणून विचारलं होतं. अम्मीला सांगू का, मला भोरची नबीला...'

पडदा काळा झाला.

"दादा!" नबीला किंचाळली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. एवढं थांबून ऐकलं, आणि उत्तर द्यायलाच मिळू नये?

समीनाच्या पर्समधला मोबाईल वाजला. तिनं नंबर बघितला, भाईजानचाच होता, आणि फोन नबीलाच्या कानाला लावला.

"हॅलो... नबीला? गेलीस का?"

"आहे. तू सांग." मागं हॉर्न वाजत होते, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला बोलू दिलं तिनं. अडखळत, थांबत, त्यानं ते वाक्य एकदाचं पुरं केलं.

"हो," नबीला म्हणाली.

"मागच्या वेळीबी असंच झटक्यात उत्तर दिलं होतंस. नीट ऐकलंस का?"

"शब्द न् शब्द."

"मग सांग बरं, मी काय म्हणालो?"

नबीलानं मान वर केली. समीना टक लावून बघत होती. झेरॉक्सला आलेल्या दोन बायका कान टवकारून उभ्या होत्या. ज्ञानूदादा तर यूपीएस सोडून तिच्याकडेच बघत होते. तिचे कान लालबुंद झाले... पण आज शब्द गाळायचा नव्हता.

"तू म्हणालास," ती सगळ्यांदेखत, सावकाश म्हणाली, "अम्मीला सांगू का, मला भोरची नबीला आवडते, लग्न करीन तर तिच्याशीच."

"मग? सांगू?"

"सांग की! त्यात काय विचारायचं!"