दिवसभराची सावली

"कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, ती जाळी द्या. तीन मीटर."

"नका देऊ त्यांना ती."

हे दुसरं वाक्य माझ्या पाठीमागून आलं. हार्डवेअरच्या दुकानात मी आधीच बावरलेली... आणि आता कुणी परका माणूस माझी खरेदी रद्द करत होता! मी वळले. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, खांद्यावर जाळीचं भेंडोळं. आणि डोळे... मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. दिवसाला वीस-पंचवीस जोड्या डोळे बघते. तरीसुद्धा दोन क्षण बोलायचं विसरले.

"का नको?" मी शक्य तितक्या तुटकपणे विचारलं.

"कोंबड्या किती आहेत?"

"कोंबड्या नाहीत. गिनी पिग. दोन."

"मग तर नकोच. ही जाळी आतल्याला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर नाही ठेवत. बोक्याचा पंजा आरामात जातो यातून. घूस तर दातांनी तोडेल. अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाड जाळी घ्या."

बोका. घूस.

"भाचीच्या आहेत हो त्या," मी सांगून टाकलं. "आठ वर्षांची आहे. तिच्या पायाचं ऑपरेशन आहे, दोन महिने तिकडेच राहायचंय, दुसऱ्या शहरात. आणि मी शब्द दिलाय तिला, दोघींना काही होऊ देणार नाही म्हणून..."

एवढं सगळं त्या माणसाला सांगायची काही गरज होती का? पण काळजी लागली की माझं तोंड थांबत नाही. घरात मला 'काळजीवाहू' म्हणतात ते उगाच नाही. ताई लेकीला घेऊन गेली तेव्हापासून चिंधी आणि बटण आमच्या स्वयंपाकघरात एका खोक्यात होत्या. चिंधी तपकिरी, अंगावरचे केस वाटेल तिकडे उडालेले. बटण काळी, गोल, गप्प. आणि बाबांना दमा. सुक्या गवताच्या वासानं त्यांची धाप वाढायला लागली होती. दोघींना मागच्या अंगणात हलवण्यावाचून इलाजच नव्हता.

"खोकं ठेवून वर जाळी टाकणार होतात?" त्यांनी विचारलं.

"...हो."

ते हसले नाहीत. त्याचंच मला जास्त बरं वाटलं. "मी घरोघरी खिडक्यांना जाळ्या बसवतो," ते म्हणाले. "रविवारी येऊन पेटी करून देतो. पत्ता लिहा."

माझ्याकडे कागद नव्हता. त्यांनी कानावरची पेन्सिल दिली आणि जाळीवर लटकलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी पुढे केली. पत्ता लिहिताना मी घर नंबर दोनदा चुकवला. घुशीच्या भीतीनं, दुसरं काय!

रविवारी आठ वाजता ते हजर. अंगणात लख्ख ऊन होतं. दोन तासांत लाकडाचा सांगाडा उभा राहिला, जमिनीपासून हातभर उंच. एका बाजूला झोपायची बंद खोली, दुसऱ्या बाजूला जाळीची ओसरी, वर उतरतं छप्पर. मी प्रत्येक खिळ्यागणिक एक प्रश्न विचारत होते.

"एवढी उंच कशाला?"

"खालची ओल लागू नये म्हणून."

"आतून रंग नाही देणार?"

"कुरतडतील आणि पोटात जाईल."

"आणि कडी बोक्यानं उघडली तर?"

"म्हणून दोन कड्या. एक वर, एक खाली. दोन्ही एकदम उघडणारा बोका निघाला तर मला बोलवा. त्याला कामाला ठेवतो."

मी हसले. खूप दिवसांनी. पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा ते पूर्वेच्या भिंतीच्या सावलीकडे बघत होते. तांब्या घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि पेटी सावलीत सरकवून म्हणाले, "झालं."

दुपारी आभाळ भरून आलं आणि आठवडाभर तसंच राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही. आणि मी... मी फोन करत राहिले.

"चिंधी शिट्ट्या मारतेय."

"भूक लागली असेल."

"बटण खोलीतून बाहेरच येत नाही."

"तिचं घर आहे. बसू दे की."

"गवत दमट लागतंय हाताला."

"मग बदला. ओलं ठेवू नका." आणि मग दरवेळी, थोडं थांबून, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी?... मी बरी आहे."

"मग झालं."

या दोन शब्दांसाठी मी काळज्या शोधून काढायला लागले होते. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी दुकानातल्या मैत्रिणीनं मला पकडलं. "जाळीवाल्यांना दिवसातून चार फोन? गिनी पिग दोनच आहेत ना गं?" सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली. म्हणजे दिसतंय की काय? त्यांनाही कळलं असेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ठरवलं, आता फोन नाही म्हणजे नाही.

नेमकं शनिवारी सकाळी वादळी वाऱ्याचा इशारा आला. बाबा त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलेले. वारा सुटला, भिंतीवर एक बोका येऊन बसला, आणि माझ्या डोळ्यांपुढे उडालेलं छप्पर दिसायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती! पेटीला प्लास्टिक गुंडाळावं का? मी फोन हातात घेतला. त्यांच्या नावावर बोट नेलं... आणि खाली ठेवला. काल चार झाले. पाचवा केला तर काय म्हणतील? कपडे वाळत घालायची दोरी सोडली, प्लास्टिकचा मोठा कागद पेटीभोवती चारी बाजूंनी करकचून बांधला आणि कामावर गेले.

दुपारी सव्वा वाजता एक आजोबा नंबर तपासायला आले. मी खिडकीपाशी ठेवलेली चाचणीची फ्रेम उचलून त्यांच्या नाकावर ठेवली.

"तापलीय गं ही," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघितलं. वारा कधीच पडला होता. आभाळ फाटून निळं झालं होतं, आणि रस्त्यावर आठवडाभराचं साठलेलं ऊन एकदम पसरलं होतं. पूर्वेच्या भिंतीची सावली तर सकाळपुरती. आता पेटी भर उन्हात... आणि चारी बाजूंनी प्लास्टिक.

फोन कसा लावला आठवत नाही. "पेटी... प्लास्टिक... मी बांधलंय... ऊन..." एवढंच बोलता आलं.

"निघालो," ते म्हणाले.

मी घरी पोहोचले तेव्हा प्लास्टिकच्या चिंध्या अंगणभर पडल्या होत्या आणि ते जिन्याखालच्या गारव्यात मांडी घालून बसले होते. बटण त्यांच्या शेजारी कलिंगडासारखी गप्प बसलेली. मांडीवर ओला पंचा, त्यावर चिंधी. आडवी. तोंडाशी लाळ, पोट भराभर वरखाली होत होतं.

"बर्फ आणू?"

"नको. एकदम गार नाही करायचं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन झालाय, येतायत." ते बोटानं तिच्या ओठांना पाण्याचा थेंब लावत होते. एक. मग थांबून दुसरा. त्यांची मोठी, कापलेली-चिरलेली बोटं अजिबात हलत नव्हती.

डॉक्टरीणबाई आल्या, कातडीखाली सलाइन दिलं. "यांना घाम येत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याला नुसतं उकडतं, तेवढ्यात यांचा जीव जातो. संध्याकाळपर्यंत खाल्लं, तर वाचली."

तर.

पाच वाजता भाचीचा व्हिडिओ कॉल आला. रोज यायचा. मी बटणला दाखवलं. "आणि चिंधी?" तिनं विचारलं. पांढऱ्या उशीवर एवढासा चेहरा. शुक्रवारीच ऑपरेशन झालं होतं.

"झोपलीय गं," मी म्हणाले.

ती नुसती बघत राहिली, आणि तिनंच फोन ठेवला.

साडेसहाला चिंधीनं मान उचलली. गवताची एक काडी ओढली, चावली, सोडली. परत ओढली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पंच्यात तोंड खुपसून रडले. ते उठून उभे राहिले. "चूक माझी आहे," जमिनीकडे बघत म्हणाले. "सकाळची सावली बघितली, दुपारची बघितलीच नाही." आणि मी काही बोलायच्या आत निघून गेले. संपलं, मला वाटलं. आता हा माणूस परत यायचा नाही.

रविवारी सात वाजता कडी वाजली. हातात खडू.

"आज दिवसभर थांबणार आहे," ते म्हणाले. "दर तासाला सावली आखायची. जिथे दहा ते चार सावली हलत नाही, तिथे पेटी. चालेल?"

न चालायला काय झालं! दोघींना बाबांच्या खोलीपासून दूर, मागच्या दाराशी खोक्यात ठेवलं, आणि अंगणाच्या फरशीवर आमच्या रेघा सुरू झाल्या. आठ वाजता भिंतीची सावली. नऊला थोडी मागे. दहाला पाण्याच्या टाकीची, पेरूच्या झाडाची. ते आखायचे, मी आकडे लिहायचे. मधल्या वेळात पायरीवर बसायचो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"तुम्हाला रविवारी दुसरी कामं नसतात?" मी विचारलं.

"असतात."

"मग?"

"अकरा वाजले," ते म्हणाले, आणि खडू घेऊन उठले.

बाराला ते खडूनं माखलेले, एकला मी. बाबांनी खिडकीतून दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा मुद्दाम मोठ्यानं खाकरले. तीन वाजता आमच्या मधली जागा एका वहीएवढी उरली होती. चार वाजता कळलं, टाकी आणि पेरूच्या मध्ये सावलीचा एक तुकडा आहे; दिवसभर एकही रेघ त्याला चिरून गेली नव्हती.

पाचला फोन वाजला. चिंधी गवताच्या ढिगात घुसून कचाकचा खात होती. भाचीनं तिला डोळे भरून बघितलं. मग म्हणाली, "मावशी, काल खरंच झोपली होती का गं?"

शेजारी ते उभे होते. "नाही," मी म्हणाले. "काल तिला ऊन लागलं. माझ्या चुकीनं. खूप आजारी होती. आता बरी आहे... पण मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मलापण सगळे म्हणाले, अजिबात दुखणार नाही. खूप दुखलं. मावशी, तू तरी खरं सांगत जा ना. खोटं सांगितलं की जास्त भीती वाटते."

"सांगेन," मी म्हणाले.

फोन बंद झाला. आता नाही तर कधीच नाही.

"काल सकाळी मी तुम्हाला फोन करणार होते," मी म्हणाले. "प्लास्टिक बांधू का विचारायला. केला नाही... कारण पाचवा झाला असता, आणि तुम्हाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की गिनी पिग दोनच आहेत. आणि बाकीचे फोन... तुमचा आवाज ऐकायला होते."

त्यांचा खडू या हातातून त्या हातात. मला वाटलं, जमीन फाटावी, मी आणि माझं तोंड दोघांनी आत जावं.

"मी कुठलीही जाळी बसवायच्या आधी दिवसातून तीनदा ऊन बघतो," ते अखेर म्हणाले. "बारा वर्षांत चुकलो नाही. त्या रविवारी एकदा बघितलं... आणि तुम्ही पाणी घेऊन आलात. मग मी उन्हाकडे बघितलंच नाही."

"म्हणजे तुमच्यामुळे मरत होती ती!"

"निम्मी माझ्यामुळे. निम्मी तुमच्यामुळे."

मला राग आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तिन्ही एकदम. त्यांनी खडूचा हात पँटला पुसला आणि पुढे केला. मी माझा न पुसताच दिला.

"आणि भाची बरी होऊन आली, दोघींना घेऊन गेली की?" मी विचारलं. काळजीवाहू ती काळजीवाहूच. "मग मी कसली काळजी सांगायला फोन करू?"

"ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मी उचलेन."

पेटी आम्ही दोघांनी मिळून त्या तुकड्यात नेऊन ठेवली.

सोमवारी दुपारी दीड वाजता दुकानातून, मैत्रिणीच्या देखत, मी नंबर लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"काय झालं? चिंधी बरी आहे ना? ऊन आलंय का तिथे?" त्यांचा आवाज घाबराघुबरा.

"काही नाही," मी म्हणाले. "काहीच झालं नाही. म्हणूनच केला."