दुसरा हातमोजा

आई गेल्यावर उत्तरेकडच्या सिग्लुफ्योर्दुर गावातलं घर रिकामं करायला स्टेनवर आणि तिचा धाकटा भाऊ केतिल आले, ते नोव्हेंबरच्या अखेरीस. डोंगराआड गेलेला सूर्य आता जानेवारी सरता सरताच दिसणार होता. दुपारीच दिवे लागले होते. केतिलची पाच वर्षांची एम्ब्ला पलीकडच्या खोलीत आजीचा बटणांचा डबा घेऊन बसली होती.

स्टेनवर रेक्याविकच्या प्रयोगशाळेत गरम झऱ्यांचं पाणी तपासायची. घरातल्या वस्तूंवरही ती नमुन्यांसारख्या चिठ्ठ्या डकवत होती: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. "तुझं चाललं तर मलाही एक डकवशील," केतिल म्हणाला. पण पलीकडच्या खोलीतला लाकडी पेटीचा टीव्ही टाकायचा म्हणून तिनं सकाळीच त्याची वायर कापली होती, हे कळल्यावर तो हळहळला.

"अगं, त्याच्यावर तर तो विणणारा म्हातारा यायचा."

स्टेनवरला हसू आलं. लोकरीचा बाहुला, डोळ्यांच्या जागी दोन बटणं. मान खाली घालून तो एक इवलासा हातमोजा विणायचा. सुयांची टिकटिक आणि एक संथ गुणगुण, बस. ती, केतिल आणि शेंडेफळ दागुर काचेला नाक लावून बघायची. टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे मोज्याच्या रंगावरून भांडणं. दागुर हटून बसायचा, लालच आहे म्हणून.

म्हातारा यायचा त्याच हिवाळ्यात चार वर्षांचा दागुर नाहीसा झाला. धक्क्यावरून पाण्यात पडला असावा, असं गावानं ठरवलं. त्याचे बूट मात्र दाराशीच होते.

"आईबाबा त्या दिवशी गायनमंडळाच्या तालमीला गेले होते," केतिल म्हणाला. "आपण म्हाताऱ्याला बघत होतो. त्याच दिवशी त्याची जोडी पुरी झाली."

जोडी त्यानं काचेसमोर धरली होती, कुणाचं तरी माप बघावं तशी. तिला आठवत होतं. तिनं हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

"तालीम कुठल्या वारी असायची, केतिल?"

"गुरुवारी. गावातलं सगळं गुरुवारीच असायचं. गुरुवारी टीव्ही..."

तो थांबला. साऱ्या देशाला तेव्हा एकच वाहिनी होती आणि ती गुरुवारी बंद असायची. लोकांनी एकमेकांकडे जावं, म्हणून. तिथलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं.

वार चुकत असेल, असं केतिल पुटपुटला. स्टेनवरनं नकारार्थी मान हलवली. दागुर गेल्यापासून आई कुठल्याच गुरुवारी गायली नव्हती.

पलीकडच्या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं.

ती चाल दोघांना येत होती. एम्ब्लाला त्यांनी ती कधी शिकवली नव्हती.

एम्ब्ला टीव्हीच्या काचेला नाक लावून बसली होती. काच काळी होती. स्टेनवरनं तिला मागे ओढलं. काचेवर वाफेचे दोन ठिपके उरले. तिनं बाहीनं पुसले. एक गेला. दुसरा आतून होता.

एम्ब्लाच्या उजव्या हातात हातमोजा होता, अगदी मापाचा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तिचं स्वेटर लाल दिसत होतं, बटणं निळी. मोज्याला रंगच नव्हता.

"आत्या, दुसरा विणतोय तो," एम्ब्ला म्हणाली. "थांब म्हणाला."

केतिलनं मोजा ओढून पाहिला. तो निघेना. एम्ब्ला रडली नाही.

बाहेर चर्चमध्ये गायनमंडळाची तालीम सुरू झाली.

आज गुरुवार होता.

केतिलनं पोरीला उचललं. स्टेनवरनं गाडी काढली. एम्ब्लाचे बूट दाराशीच राहिले.

गावाबाहेरच्या बोगद्यात शिरल्यावर गाणं ऐकू येईनासं झालं. टिकटिक मात्र येत होती. ती इंजिनाची असेल, असं स्टेनवरनं ठरवलं आणि आरशात पाहिलं.

मागे एम्ब्ला डावा हात पुढे धरून बसली होती, बोटं जुळवून, जराही न हलवता. बोगद्याच्या दिव्यांनी गाडीतलं सगळं पिवळं झालं होतं. फक्त तिच्या डाव्या मनगटाभोवती एक बारीक करडी कड होती.

हातमोजा मनगटापासूनच विणायला घेतात.