शुक्रवारच्या चहाला कोण नव्हतं?

काचसामानाचे जड ट्रे घेऊन दिवसातून वीस वेळा पाच मजले चढणारी बाई आजारी कशी? आणि ती आजारी असेल, तर त्याच जिन्यात धापा टाकणारे बाकीचे सगळे ठणठणीत कसे? सांगा ना!

ही बाई म्हणजे माझी सिंधूमावशी. मी हेमांगी, इयत्ता सहावी. आम्ही दोघी जैववैद्यक विद्यालयाच्या कर्मचारी वसाहतीत राहतो. या विद्यालयात माणसाच्या शरीरावर संशोधन चालतं. त्यासाठी लागणाऱ्या परीक्षानळ्या, बाटल्या, पेले मावशी तळमजल्यावर धुते आणि वरच्या प्रयोगशाळांमध्ये पोचवते. लिफ्ट आहे, पण ती नमुन्यांसाठी (तपासायला आणलेल्या रक्तासाठी वगैरे) राखीव. म्हणजे रक्ताच्या थेंबाने लिफ्टने जायचं आणि मावशीने जिन्याने!

स्नेहसंमेलनात दर वर्षी नळ्यांची शर्यत असते. रंगीत पाण्याने भरलेल्या चाळीस नळ्यांचा ट्रे घेऊन पाच मजले चढायचे. थेंब सांडला की बाद. गेली तीन वर्षं मावशी पहिली आलीय. यंदा मात्र शर्यतीच्या सकाळीच निरामय आडवा आला.

निरामय म्हणजे विद्यालयाचा नवा आरोग्य-यंत्रमानव. त्याने मावशीचं मनगट धरलं आणि हातात लाल पट्टी अडकवली.

"आपल्या हृदयाचे ठोके मिनिटाला सेहेचाळीस. सर्वसाधारण मर्यादा (निरोगी माणसांत सहसा आढळणारे आकडे) बासष्ट ते अठ्ठ्याण्णव. आपण आजारी आहात. जिना चढू नये."

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली.

"आज शर्यत नाही. उद्यापासून बसून काम. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे."

मावशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "खरंच काय झालं असंल का गं मला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धडधाकट बाईला या डब्याने घाबरवून सोडलं होतं!

मी तडक दुसऱ्या मजल्यावर उपासनीआजोबांकडे गेले. आजोबा हृदयाचे शास्त्रज्ञ. निवृत्त झालेत, पण रोज येतात. निरामयला सगळे आकडे त्यांनीच शिकवले होते.

"तुमचा निरामय खोटारडा आहे," मी दारातूनच म्हणाले.

"अगं, चारशे निरोगी माणसं मोजून शिकवलंय त्याला," आजोबा चष्मा पुसत म्हणाले. पण मावशीचा आकडा ऐकल्यावर त्यांचा हात थांबला. ते माझ्याबरोबर खाली आले.

"सिंधूबाई, चक्कर येते? छातीत दुखतं? कधी डोळ्यांपुढे अंधारी?"

"न्हाई बा."

"ठोके कमी असणं कधी कधी आजारही असतो, म्हणून विचारतो." आजोबांनी हृदयालेखाचं यंत्र (हृदयातल्या विजेच्या लहरी कागदावर काढणारं) लावलं आणि कागद दोनदा पाहिला. मग त्यांनी मला एक बादली, एक लहान पेला आणि एक मोठा पेला आणायला सांगितलं.

"शरीरात स्वस्थ बसल्या जागी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरावं लागतं. ही बादली पाच लिटरची. एक पेला म्हणजे हृदयाचा एक ठोका. लहान पेल्यात मावतं सत्तर मिलिलिटर. भर."

मी भरत बसले. बादली भरायला बहात्तर पेले लागले. हात भरून आले.

"आता मोठा. एकशे दहाचा."

पंचेचाळीस पेले झाले तरी बादली काठापासून जराशी रिकामी. सेहेचाळिसाव्याला भरली!

"मावशीचाच आकडा!" मी ओरडले.

"हृदय म्हणजे पंप. रोज कष्ट केले की ते दणकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मग जास्त ठोक्यांची गरजच उरत नाही. हिचं हृदय आजारी नाही, पोरी. इथल्या कित्येकांपेक्षा तरबेज आहे."

मावशीने सुस्कारा सोडला. माझा राग मात्र आणखी चढला. "मग हे निरामयला का कळलं नाही? ती चारशे माणसं कोण होती?"

निरामयने यादी वाचली. प्राध्यापक. संशोधक. विद्यार्थी. संशोधक. प्राध्यापक. चारशेच्या चारशे दिवसभर खुर्चीत बसणारे.

"ट्रे उचलणारे किती? झाडू मारणारे? बागेत खणणारे?"

"शून्य," निरामय म्हणाला.

आजोबांचे कान लाल झाले. विद्यालयात दर शुक्रवारी चार वाजता व्याख्यान असतं, मग चहा आणि बटाटेवडे. आजोबांनी तिथेच दाराशी यंत्र ठेवून आल्या-गेल्याचे ठोके मोजले होते. सोपं पडलं, आयतीच माणसं मिळाली. आणि शुक्रवारी चार वाजता मावशी काय करत असते? त्या वडे खाणाऱ्यांच्या आठवडाभराच्या नळ्या धूत असते!

"काही जण मोजून सगळ्यांबद्दल बोलायचं, त्याला नमुना निवडणं म्हणतात," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. "त्यात सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत. मी आमच्यासारखीच मोजली, आणि त्याला नाव दिलं सर्वसाधारण. चूक माझी आहे, सिंधूबाई. निरामयची नाही."

"बावीस वर्षं धुतेय तुमच्या नळ्या, सर," मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली. आजोबांना मान वर करवेना.

मग त्यांनी निरामयला नवीन गोष्ट शिकवली. आजवर त्याच्याकडे दोनच पट्ट्या होत्या, हिरवी आणि लाल. आता पांढरी आली. यादीतल्या कुणासारखंच नसलेलं माणूस समोर आलं, तर 'आजारी' नाही म्हणायचं. म्हणायचं, 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू.' यंत्राला 'मला माहीत नाही' हे तीन शब्द शिकवायला आजोबांना जेमतेम दहा मिनिटं लागली. आधीच का नाही शिकवले?

दुपारी मावशी शर्यतीत धावली. चौथ्यांदा पहिली आली आणि एक थेंब सांडला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, माझा राग अजून गेला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता आजोबा यंत्र, चहाची किटली आणि वड्यांची परात घेऊन स्वतः जिन्याने खाली आले. पाठोपाठ निरामय. धुण्याच्या खोलीत माळी, सफाईवाल्या बायका, स्वयंपाकघरातली माणसं रांगेत उभी होती. आजोबांना इतकी धाप लागली होती की मावशीने त्यांना आधी स्टूल दिलं.

"क्रमांक चारशे एक," निरामय म्हणाला. "काम?"

"काचसामान धुणं."

"ठोके सेहेचाळीस. प्रकृती?" निरामय अडला. त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मावशीकडे.

मावशीने पदराला हात पुसले.

"लिही," ती म्हणाली, "सर्वसाधारण."